व्हॉल्व्हचा ॲम्प आणि १७ इंची स्प्रिंग

गिटारसाठी छोटा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर घरी बांधायचा असं ठरलं की माणूस आधी व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांच्या, मागे लागतो. नवा घ्यावा की जुना, रशियन की स्लोव्हाकियाचा, कुठला गोड आणि कुठला खरखरीत. या चर्चेला अंत नाही, आणि ती करायला मजाही येते. पण माझी खरी झटापट झाली ती लोखंडाशी आणि जागेशी. लोखंड म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि जागा म्हणजे कुठली वस्तू कुठल्या वस्तूपासून किती लांब. व्हॉल्व्ह बिचारे सॉकेटमध्ये बसले आणि पेटले.

सर्किट मला नव्याने शोधायचं नव्हतं. फेंडरचा प्रिन्स्टन रिव्हर्ब १९६४ मध्ये आला. साधारण १२ वॅटचा, शेवटी दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, आणि पेटीत स्प्रिंगचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला मोठ्या दालनासारखा घुमारा देणारी सोय. त्याचं सर्किट जगभरचे हौशी लोक गेली कित्येक वर्षं उतरवून घेत आहेत. मी त्याचा पुढचा भाग जवळजवळ तसाच ठेवला, ट्रेमोलो (आवाज लयीत कमीजास्त करणारा भाग) काढून टाकला, आणि दोन ६व्ही६ च्या जागी एकच ईएल८४ घेतला. आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असला की सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करणारी पायरी लागत नाही. वॅट अर्थातच घटतात. डेटाशीटमध्ये ईएल८४ साठी २५० व्होल्टला ५.७ वॅट दिलेले आहेत. ज्यांना ५ वॅट म्हणजे खेळणं वाटतं त्यांनी ते दहा इंची स्पीकरवर एकदा पूर्ण उघडून बघावेत, आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकूंसमोर उभं राहावं.

एकूण व्हॉल्व्ह पाच: दोन ईसीसी८३, एक ईसीसी८१, एक ईएल८४ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ईझेड८१. रेक्टिफायरच्या जागी दोन सिलिकॉन डायोड चालले असते, स्वस्तही पडले असते. पण मला पॉवर ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्टचा हवा होता, कारण जुन्या रेडिओंमुळे तो वाइंडरच्या हातात बसलेला असतो. त्यावर डायोड लावले तर व्होल्टेज ३४० च्या घरात जातं, आणि ईएल८४ च्या ॲनोडची (उंच व्होल्टेज लागतं त्या टोकाची) मर्यादा ३०० ची आहे. ईझेड८१ स्वतःच थोडे व्होल्ट खातो. माझ्याकडे २८५ वर येऊन थांबलं. शिवाय तो सावकाश गरम होतो, त्यामुळे बाकीचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्यांच्यावर पूर्ण व्होल्टेज आदळत नाही.

ट्रान्सफॉर्मर परदेशातून मागवायचा विचार दोन कारणांनी सोडला. एक म्हणजे वजन. लोखंडाच्या तीन गोळ्यांचं कुरिअर मालापेक्षा महाग पडतं. दुसरं म्हणजे अमेरिकेचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. व्होल्टेजचं जमवता येतं. पण ६० हर्ट्झसाठी नेमका बेतलेला गाभा ५० हर्ट्झवर चालवला की त्यातलं चुंबकत्व वाढतं आणि तो तापतो. म्हणून बुधवार पेठेत वाइंडर शोधायला लागलो. तपकीर गल्लीच्या आसपास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे अजून आहेत. बहुतेकांचं काम स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर आणि चार्जरचं. व्हॉल्व्हचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हटल्यावर दोन-तीन ठिकाणी लगेच "होऊन जाईल हो" असं उत्तर आलं. त्या तत्परतेनेच मी सावध झालो.

मग एका बोळात एक काका भेटले. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. मी कागद पुढे केला. त्यांनी तो न वाचताच विचारलं, "व्हॉल्व्ह एक आहे का दोन?"

"एक."

"मग पत्र्या उलटसुलट नाही भरायच्या. सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, आणि मधे कागद. माहितीये ना तुम्हाला?"

मला माहीत होतं, पण ते त्यांना माहीत आहे हे कळल्यावर काम तिथेच द्यायचं ठरलं. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय आकाराच्या पत्र्या एक अशी, एक तशी भरतात. फट राहू नये म्हणून. पण एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीतून) सतत डीसी वाहत असतो, माझ्याकडे सुमारे ३६ मिलिअँपिअर. तो गाभ्याला एकाच दिशेने चुंबकित करून ठेवतो. फट नसेल तर गाभा त्यातच भरून जातो आणि खालच्या सुरांना जागा उरत नाही. जाड तारा दबल्यासारख्या वाजतात. कागदाएवढी फट ठेवली की हे टळतं. जुन्या रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असाच असायचा आणि काकांनी ते तरुणपणी ढिगाने गुंडाळले होते.

वेढ्यांचं गणित मात्र सोपं. ईएल८४ ला समोर ५.२ किलोओहम दिसायला हवेत आणि स्पीकर ८ ओहमचा. ५२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ साधारण साडेपंचवीस. सेकंडरीचे (स्पीकरकडच्या गुंडाळीचे) वेढे १०० धरले तर प्रायमरीचे २५५०. मी आणखी एक मागणी केली: प्रायमरी अर्धी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी, म्हणजे वरचे सूर गळत नाहीत. काका म्हणाले, "रेडिओला कोण करत होतं एवढं?" आणि गुंडाळून दिलं तसंच. वार्निश सुकायला ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरांच्या रांगेत माझा उभा असताना दरवेळी कुणीतरी विचारायचं की हा कशाचा, आणि काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "यांना विचारा."

तिसरा ट्रान्सफॉर्मर रिव्हर्बचा. हा आगपेटीपेक्षा जरासा मोठा. स्प्रिंग हलवायला फार ताकद लागत नाही, पण ईसीसी८१ ची उंच इम्पीडन्स (एसीला होणारा विरोध) स्प्रिंगच्या ८ ओहमच्या कॉइलपर्यंत उतरवावी लागते: २५ किलोओहमवरून ८ वर. प्रमाण ५६ ला १. तार केसाहून बारीक. बॉबिन भरताना तुटते, आणि तुटली की जोड मारायला काका तयार नसत. पुन्हा पहिल्यापासून. यालाही डीसीमुळे फट हवी. पैसे सांगताना त्यांनी छोट्या ट्रान्सफॉर्मरचे मोठ्यापेक्षा जास्त सांगितले आणि मला ते रास्तच वाटले.

व्हॉल्व्हची गोष्ट लवकर संपते. ईसीसी८३ नवे घेतले, स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचे. ईएल८४ आणि ईझेड८१ मात्र जुन्या बाजारात मिळाले, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. या कारखान्याने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, त्यामुळे आपल्याकडच्या अडगळीत अजून बीईएलचा शिक्का दिसतो. घेताना काचेच्या डोक्याकडे बघायचं. तिथे चंदेरी आरशासारखा लेप असतो. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. विक्रेता म्हणाला, पांढरा असला की जास्त चांगला. मी चंदेरी घेतले. त्याच ढिगात मेलेल्या रेडिओंचे कपॅसिटरही होते, मेणात बुडवलेले, दिसायला फार देखणे. ते घेऊ नयेत. कागदाचा जुना कपॅसिटर गळायला लागलेला असतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (सिग्नल आत येतो त्या टोकाला) तो लावला तर मागच्या ॲनोडचं व्होल्टेज ग्रिडवर झिरपतं आणि ईएल८४ चा ॲनोड लालबुंद होतो. कपॅसिटर सगळे नवे, ६३० व्होल्टचे. इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचे.

चॅसिस ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वाकवून घेतली. नऊ पिनच्या सॉकेटला २२ मिलिमीटरचं भोक लागतं; ते फाइलने गोल करत बसण्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून पंच करून घ्यावं. रेझिस्टर-कपॅसिटर बसवायला हायलमची (वीज न वाहणाऱ्या कडक लॅमिनेटची) पट्टी घेतली आणि तिच्यात पितळी आयलेट ठोकले. एका टोकाला इनपुट जॅक, मग व्हॉल्व्ह रांगेत सिग्नल जाईल त्या क्रमाने, दुसऱ्या टोकाला पॉवर ट्रान्सफॉर्मर. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जागा ठरवायला एक जुनी युक्ती आहे: भोकं पाडायच्या आधी पॉवर ट्रान्सफॉर्मरला एकट्याला मेन्सवर लावायचं, उघडी टोकं नीट झाकून, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडून तो पत्र्यावर फिरवत ऐकायचं. मधे कुठलंच कनेक्शन नसताना ५० हर्ट्झचा गुणगुणाट स्पष्ट ऐकू येतो. नव्वद अंशांत वळवला की एका कोनात तो जवळजवळ नाहीसा होतो. तिथे पेन्सिलीने खूण करायची. मला या सगळ्या उद्योगात हा भाग सर्वांत जास्त आवडला, कारण चुंबकक्षेत्र कानाने मोजायची संधी एरवी कुठे मिळते?

हीटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या, ६.३ व्होल्टच्या दोन वायरी घट्ट पिळून कोपऱ्यातून नेल्या, कारण सगळ्या व्हॉल्व्हांचा मिळून दीड अँपिअरहून जास्त एसी तिथून जातो. हीटरच्या वाइंडिंगला मधलं टॅप नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंनी १००-१०० ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला. ईझेड८१ चं हीटर वाइंडिंग मी वेगळं घेतलं होतं.

आता जिवाचं बोलू. २८५ व्होल्ट डीसी माणूस मारायला पुरेसं आहे, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ते साठून राहतं. त्यावर २२० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा लावला म्हणजे बंद केल्यावर ते आपोआप उतरतं. तरीही हात घालण्यापूर्वी मीटर लावून बघायचं. चालू सर्किटमध्ये एकच हात, दुसरा खिशात. आणि तीन पिनचा प्लग, हिरवी वायर थेट चॅसिसला. आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या पिनमागे अर्थिंग आहे की नुसतंच भोक, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. गिटारच्या तारा चॅसिसला जोडलेल्या असतात आणि त्या आपल्या बोटांत असतात, एवढं लक्षात ठेवलं की आळस होत नाही.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर असायचा तोच बोर्ड: मेन्स आणि ॲम्पच्या मधे एक साधा ६० वॅटचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. एलईडीच्या काळात तो फिलामेंटचा बल्ब मिळवणं हेच एक काम होऊन बसलं. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता: बल्ब मंद. हीटरचे व्होल्ट पाहिले. मग ईझेड८१. मग बाकीचे, आणि स्पीकर जोडूनच, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर बिनलोडाचा चालवत नाहीत. सगळं ठीक दिसल्यावर बल्ब काढला. ईएल८४ च्या कॅथोडला (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) मी २२० ओहम लावले होते; त्यावर ९ व्होल्ट आले, म्हणजे ४१ मिलिअँपिअर. त्यातले स्क्रीनचे (आतल्या दुसऱ्या ग्रिडचे) चार-साडेचार वजा केले, ॲनोड ते कॅथोड २६५ व्होल्ट धरले, तर ॲनोडवर साडेनऊ-पावणेदहा वॅट. मर्यादा १२ ची. डेटाशीटमध्ये १३५ ओहम लिहिलेत आणि पुष्कळ लोक तेच लावतात, पण ते २५० व्होल्टसाठी आहेत. मला व्हॉल्व्ह टिकलेला हवा होता.

रिव्हर्ब न जोडता दोन-चार आठवडे वाजवला. स्वच्छ, थोडा कोरडा आवाज. व्हॉल्यूम अर्ध्यापुढे गेला की सूर कडेला दाटायला लागतो. तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला ती स्प्रिंग हवी होती.

स्प्रिंगची कुळकथा मजेशीर आहे. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनीत होणारा विलंब प्रयोगशाळेत उभा करायला बेल टेलिफोन लॅबोरेटरीजने स्प्रिंग वापरली होती. लॉरेन्स हॅमंड यांनी ती कल्पना १९३० च्या दशकात आपल्या ऑर्गनसाठी उचलली, कारण लोकांना दिवाणखान्यात चर्चचा घुमारा हवा होता आणि दिवाणखान्यात तर गालिचे. फेंडरने १९६१ मध्ये रिव्हर्बची वेगळी पेटी काढली, १९६३ मध्ये तो ॲम्पच्या आत आणला, आणि कॅलिफोर्नियाच्या सर्फ गिटारवाल्यांनी तोच ओला, घुमणारा आवाज आपल्या संगीताची ओळख करून टाकला. आज बेल्टन ब्रिक नावाचा डिजिटल ठोकळा मिळतो, अंगठ्याएवढ्या जागेत बसतो आणि वाईट वाजत नाही. मला तो नको होता. ज्याला लाथ मारली तर गडगडाट होत नाही तो रिव्हर्ब मला पटत नाही.

टँकचा, म्हणजे स्प्रिंगा टांगलेल्या पत्र्याच्या डब्याचा, नंबर वाचायला शिकावं लागतं, कारण दुकानात सगळे टँक सारखेच दिसतात. मी मागवला तो ४एबी३सी१बी. ४ म्हणजे १७ इंची लांब टँक. ए म्हणजे इनपुट कॉइल ८ ओहमची, बी म्हणजे आउटपुट २२५० ओहमची. ३ म्हणजे घुमारा जास्त वेळ टिकणारा. सी म्हणजे इनपुटचं सॉकेट पत्र्यापासून अलग आणि आउटपुटचं पत्र्याला जोडलेलं. १ म्हणजे कुलूप नाही, आणि शेवटचा बी म्हणजे आडवा, उघडी बाजू खाली. यातलं पहिलं ए चुकलं तर माझा आगपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर निरुपयोगी. जास्त ओहमच्या कॉइलचे टँक ट्रान्झिस्टर सर्किटांसाठी असतात. आणि ४ मुळे पेटीची रुंदी ठरून गेली. ॲम्प छोटा, पण १७ इंच आत मावायलाच हवेत.

सर्किट असं: दुसऱ्या पायरीनंतर सिग्नल दोन वाटांनी जातो. एक ५०० पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून ईसीसी८१ कडे. हा कपॅसिटर मुद्दाम एवढा लहान, म्हणजे खालचे सूर स्प्रिंगपर्यंत पोचतच नाहीत. पोचले तर सगळा चिखल. तिथून ट्रान्सफॉर्मर, कॉइल, आणि दुसऱ्या टोकाला आलेला क्षीण आवाज ईसीसी८३ चा अर्धा भाग पुन्हा मोठा करतो. दुसरी वाट कोरड्या सिग्नलची, ३.३ मेगओहममधून. एवढा मोठा रेझिस्टर पाहून पहिल्यांदा वाटतं की छापताना चूक झाली. चूक नाही, ओला (घुमारा मिसळलेला) आवाज कोरड्या वाटेने मागे जाऊन पुन्हा स्प्रिंगमध्ये शिरू नये म्हणून तो आहे. त्यात सिग्नल बराच पडतो, म्हणून पुढे ईसीसी८३ चा उरलेला अर्धा भाग खर्ची पडतो. रिव्हर्बची किंमत व्हॉल्व्हमध्ये मोजली तर दोन बाटल्या.

जोडलं आणि रिव्हर्बचं बटण फिरवलं तसा हमिंगचा आवाज त्याच्याबरोबर चढत गेला. इथे कान उपयोगी पडतो. ५० हर्ट्झ म्हणजे हीटर किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकक्षेत्र. रेक्टिफायरचं फिल्टरिंग कमी पडलं तर १०० हर्ट्झ, एक सप्तक वर. गिटारवाल्याला सप्तक ओळखायला मीटर लागत नाही. हा ५० चा होता आणि बटण शून्यावर नेलं की जात होता, म्हणजे टँकमधून येत होता. आउटपुटची कॉइल मुळात चुंबकक्षेत्र पकडण्यासाठीच बनलेली. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ गेली की तीही तेच करते. म्हणून टँक पेटीत स्क्रूने न बसवता आधी लांब केबलवर हातात धरून फिरवला, उलटसुलट करून पाहिला. आउटपुटचं टोक ट्रान्सफॉर्मरपासून सर्वांत दूर गेलं तेव्हा उरली ती फक्त हलकी सरसर. या टँकचा पत्रा आउटपुटच्या केबलमधूनच ग्राउंड होतो, त्यामुळे तो चॅसिसला दुसरीकडे कुठेही टेकू द्यायचा नाही. टेकला की ग्राउंडचा फेरा पूर्ण होतो आणि गुणगुण परत.

दुसरी तक्रार होती रिव्हर्ब पूर्ण उघडल्यावर येणाऱ्या शिट्टीची. बांबूची काडी घेऊन चालू ॲम्पमध्ये एकेक वायर हलवत गेलो. (पेन्सिल वापरू नका, शिशातून वीज वाहते.) परत येणाऱ्या सिग्नलची ग्रिडची वायर ईसीसी८१ च्या ॲनोडच्या वायरीला समांतर चालली होती. ती काटकोनात वळवली, शिल्डेड घातली, शिट्टी गेली.

पेटी १८ मिलिमीटर प्लायवूडची, सुताराकडून. त्यावर काळं रेक्झिन मी चिकटवलं. कोपऱ्यांवर ते कसं दुमडायचं ते स्कूटरच्या सीट शिवणाऱ्याकडून समजून घेतलं, आणि त्यानेही शेवटी "सोडा, इकडे द्या" म्हणत दोन कोपरे करून दिले. टँक तळाला, रेक्झिनच्याच पिशवीत फोमसकट, नाहीतर स्पीकरचा हादरा स्प्रिंगला लागून सगळं घुमायला लागतं.

रिव्हर्बचं बटण सध्या तीनवर असतं. चारला आवाज विहिरीत जातो, दोनला कळत नाही. एक खरखर अजून येते, पण ती ॲम्पची नाही: खोलीतल्या पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की गिटारचं सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारी कॉइल) त्याची करकर उचलतं. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद ठेवला की थांबते. मेमध्ये हा निर्णय सोपा असतो, जानेवारीतही.